मोल्सवर्थ या आडनावाचं गाव कोणतं? प्रकल्प नोंदी

४ जानेवारी

सुरुवात केली एकदाची. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनाला आमच्या वाचनालयात छोटं प्रदर्शन असतं, यंदा विषय आहे कोश, आणि माझ्या वाट्याला मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आलाय. वाचनालयाचे काका म्हणाले दोन कार्डशीट पुरेत, सालं लिही, शब्द किती ते लिही, मुखपृष्ठाचा फोटो लाव, झालं. पण मला ते करायचं नाहीये. ते सगळीकडे आहे. लहानपणापासून घरात अण्णा म्हणायचे "मोल्सवर्थ काय म्हणतो बघ जरा", जसं काही मोल्सवर्थ म्हणजे माजघरात बसलेला कोणी म्हातारा नातेवाईक आहे, आणि मी उठून तो जाडजूड ग्रंथ आणायचे. माणसाचं आडनाव पुस्तकाचं नाव झालं आणि माणूस मागे राहिला. तर मला ते आडनावच बघायचंय, कुठून आलं, कुठे कुठे गेलं. काकांना सांगितलं, ते म्हणाले कर, पण चार कार्डशीटच्या वर जाऊ नको.

७ जानेवारी

आज फक्त कल्पना लिहून काढल्या. पहिली कल्पना माझी शाळेतली आहे, आमच्या वर्गात सगळ्यांनाच वाटायचं की मोल म्हणजे किंमत आणि इंग्रजीत वर्थ म्हणजे पण किंमत, म्हणजे मोल-वर्थ, शब्दांची किंमत सांगणारा, नाव कसं कामाला शोभतं. इतकं छान जुळतं की खरंच असावंसं वाटतं. दुसरी कल्पना, नावाचे मग आणि फ्रेम विकणाऱ्या एका साइटवर मिळाली, की मोल म्हणजे तो जमीन उकरणारा आंधळा प्राणी, म्हणजे "मोल असलेली जमीन". दोन्ही लिहून ठेवलं, तपासायचं आहे.

११ जानेवारी

गाव सापडलं! म्हणजे हरवलेलं नव्हतंच, नकाशात आहे, पण मला माहीत नव्हतं की मोल्सवर्थ नावाचं गाव आहे. इंग्लंडच्या पूर्व भागात, पूर्वीचा हंटिंग्डनशायर जिल्हा, १९७४ पासून केंब्रिजशायरमध्ये. अगदी लहान गाव, सेंट पीटरचं जुनं चर्च, शेजारच्या ब्रिंग्टन गावाबरोबर मिळून एक ग्रामपंचायत. आडनाव गावावरून आलं, बाकी सगळं त्यानंतर.

डोम्सडे बुकात गावाची नोंद आहे, १०८६ सालची. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि वीस वर्षांत राजा विल्यमने देशभर माणसं पाठवून कुणाकडे किती जमीन, किती नांगर, किती बैल, सगळं लिहून घेतलं, कर बसवायला. लिहिणारे कारकून लॅटिनमध्ये लिहिणारे, नावं मात्र स्थानिक, त्यामुळे कानाला जसं ऐकू आलं तसं उतरवलंय. तिथे स्पेलिंग आहे "मोलेस्वोर्दे". मी ते तीनचार वेळा मोठ्याने म्हणून बघितलं. साडेनऊशे वर्षांपूर्वी कुणीतरी गावकऱ्याने तोंडाने सांगितलं असणार आणि कारकुनाने ऐकून लिहिलं असणार, तो उच्चार असा अर्धवट का होईना पण हाताला लागतो.

१२ जानेवारी

याच गावाला लागून दुसऱ्या महायुद्धात विमानतळ झाला, अमेरिकन बॉम्बर विमानं इथून उडायची. १९८० च्या दशकात तिथे अमेरिकेची क्रूझ क्षेपणास्त्रं ठेवायचं ठरलं तेव्हा शांततावादी लोकांनी तिथे तळ ठोकला आणि फेब्रुवारी १९८५ मध्ये रातोरात सैन्य आणून तो उठवला. म्हणजे इंग्लंडमधल्या बऱ्याच लोकांना मोल्सवर्थ म्हटलं की हा तळ आठवत असणार, आपल्याला कोश आठवतो. पॅनलवर एक ओळ पुरे.

१८ जानेवारी

प्राण्याची कल्पना बाद. इंग्रजीत त्या प्राण्याला मोल म्हणायला लागले ते चौदाव्या शतकाच्या आसपास, त्याआधी जुन्या इंग्रजीत त्याला वेगळाच शब्द होता. गावाचं नाव १०८६ ला कागदावर आलेलं आहे. तेव्हा तो शब्दच नाही तर गावाच्या नावात कसा येईल. साधी कालगणना, पण मग विकणाऱ्यांना त्याची गरज पडत नाही. ७ जानेवारीची ती ओळ खोडली.

मग मोल कोण? गावांच्या नावांचा अभ्यास करणारे सांगतात की हे माणसाचं नाव आहे, मूल. दीर्घ ऊ, आपल्या लेकराच्या मूलसारखाच उच्चार. अँग्लो-सॅक्सन काळात, म्हणजे नॉर्मन येण्याआधीच्या इंग्लंडमध्ये, हे पुरुषाचं नाव होतं. आणि मोल्स मधला स? तो षष्ठीचा आहे! मूलचा, मूलची. आपण चा-ची-चे लावतो तसा तिथे स. मी इतकी वर्षं मोल्सवर्थ म्हणत आले आणि त्या मधल्या अर्ध्या अक्षरात एक प्रत्यय बसलाय हे कधी डोक्यात आलं नाही.

मूल नावाचा एक राजा पण होऊन गेला, इंग्लंडमधल्या केंट नावाच्या जुन्या राज्याचा. हा आपल्या गावाचा मूल नव्हे, नुसता नावाचा भाऊ, पण त्याची गोष्ट लिहून ठेवते कारण ती सोडवत नाही. वेसेक्सचा राजा कॅडवालाचा हा भाऊ, दोघांनी ६८६ मध्ये केंट लुटलं, मूल तिथे राजा झाला, आणि पुढच्याच वर्षी केंटच्या लोकांनी त्याला बारा माणसांसकट जाळून मारलं. मग ६९४ मध्ये वेसेक्सच्या पुढच्या राजाशी, इनीशी, केंटवाल्यांनी तह केला आणि मूलला जाळल्याबद्दल मोठी रक्कम भरली. त्या काळी तिथे प्रत्येक माणसाच्या जिवाची किंमत ठरलेली असायची, शेतकऱ्याची कमी, सरदाराची जास्त, राजाची सगळ्यात जास्त, मारलं तर ती भरायची. अँग्लो-सॅक्सन बखरीत हे सगळं नोंदवलेलं आहे. शाळेतली आमची मोल-वर्थची कल्पना तर चुकली, पण मूलचं मोल कुणीतरी खरंच मोजून घेतलं होतं, हे वाचून मी थोडा वेळ तशीच बसून राहिले.

१९ जानेवारी

आज वर्थ. हा पण किंमतीचा वर्थ नाही. दिसायला सारखा, शब्द वेगळा. जुन्या इंग्रजीत वर्थ म्हणजे कुंपण घातलेली जागा, वई घालून आत घेतलेलं घर-आवार-शेत. गावांच्या नावांत हा शब्द भरपूर आहे. लंडनमधलं वाँड्सवर्थ म्हणजे वेंडेल नावाच्या माणसाचं कुंपण. केनिलवर्थ, जिथे मोठा किल्ला आहे, ते किनेहिल्ड नावाच्या बाईचं. बाईचं! आणि आपल्या मोल्सवर्थला लागूनच कॅटवर्थ नावाचं गाव आहे, तिथे पण लोकांना मांजर आठवत असेल पण तेही एका माणसाचंच नाव.

म्हणजे कोणीएक मूल, त्याने जंगल-माळ साफ करून थोडी जमीन कुंपणात घेतली, लोक म्हणायला लागले मूलचं वर्थ. तो कोण, केवढा, काही नाही, पण त्याचं नाव आज पुण्यातल्या प्रत्येक जुन्या वाचनालयात सोनेरी अक्षरात कापडी बांधणीवर आहे.

२५ जानेवारी

गावाचं नाव माणसाला कसं चिकटलं ते आज. नॉर्मन येण्याआधी इंग्लंडमध्ये पिढीजात आडनाव हा प्रकार जवळजवळ नव्हता, एकच नाव असायचं. नंतरच्या तीनेकशे वर्षांत ते हळूहळू आलं, आधी सरदार जमीनदार, मग शहरातले व्यापारी, मग शेतकरी. धंद्यावरून, बापाच्या नावावरून, अंगावरच्या खुणेवरून आणि गावावरून. गावावरून असेल तर आधी मध्ये "द" लागायचा, वॉल्टर द मोल्सवर्थ, म्हणजे मोल्सवर्थचा वॉल्टर. पुढे तो द गळून पडला. आपल्याकडे कर लागतो तसंच हे, फक्त आपला कर गळाला नाही. मराठीत सांगायचं तर वॉल्टर मोल्सवर्थकर.

आता हे आडनाव इतकं दुर्मिळ का, तर याचं उत्तर पण यातच आहे असं मला वाटतं. लोहार म्हणजे स्मिथ, प्रत्येक गावात एक, म्हणून स्मिथ हजारो ठिकाणी स्वतंत्रपणे उगवले. न्यूटन म्हणजे नवं गाव, अशी गावं ढिगाने. मोल्सवर्थ हे असं आडनाव की ज्याच्यामागे एकच गाव आहे आणि ते पण चिमुकलं. गावावरून आडनाव मिळतं ते गाव सोडल्यावर, गावात राहून सगळेच मोल्सवर्थचे, तिथे वेगळं सांगायची गरज काय, आपल्याकडे पण साताऱ्यात राहून कोणी सातारकर होत नाही. लहान गावातून बाहेर पडणार किती, त्यातले नाव धरून ठेवणार किती, आणि मुलगे न झाल्याने बंद पडणाऱ्या शाखा वेगळ्याच.

इंग्लंडमध्ये असं एकच आडनाव घेऊन त्याच्या जगभरातल्या सगळ्या नोंदी जमवणारे हौशी लोक आहेत, १९७९ पासून त्यांची संघटना पण आहे. साहित्य पण भरपूर, चर्चच्या जन्म-लग्न-मृत्यूच्या वह्या १५३८ पासून ठेवायचा हुकूम झाला, १८३७ पासून सरकारी नोंदणी. हेवा वाटला.

१ फेब्रुवारी

हा वॉल्टर मी उदाहरणाला घेतला नव्हता, खरा आहे. सर वॉल्टर द मोल्सवर्थ, १३०० च्या आसपास बेडफर्डशायर आणि बकिंगहॅमशायरचा शेरीफ, म्हणजे राजाचा जिल्ह्यातला अधिकारी. घराण्याची परंपरा सांगते की तो राजपुत्र एडवर्डबरोबर क्रुसेडला, म्हणजे ख्रिस्ती धर्मयुद्धाला, गेला होता, आणि घराण्याच्या ढालीवर लाल रंगावर बारके सोनेरी क्रूस आहेत ते त्याचीच आठवण म्हणतात. शेरीफपदावर माझा पूर्ण विश्वास, क्रूसाची गोष्ट मी परंपरा म्हणूनच लिहिणार. उमरावांच्या वंशावळीची जाड पुस्तकं अशा गोष्टी फार प्रेमाने सांगतात, आपल्याकडच्या कुळकथा पण तशाच असतात, त्या टाकायच्या नाहीत पण वेगळ्या शाईने लिहायच्या.

२ फेब्रुवारी

आयर्लंड. रॉबर्ट मोल्सवर्थ नावाचा एक जण क्रॉमवेलच्या सैन्याला रसद पुरवून डब्लिनमध्ये श्रीमंत झाला आणि १६५६ मध्ये वारला. चारच दिवसांनी त्याचा मुलगा जन्माला आला, त्याचं पण नाव रॉबर्टच ठेवलं. हा दुसरा रॉबर्ट डेन्मार्कमध्ये इंग्लंडचा राजदूत होता, परत आल्यावर त्याने तिथल्या राजेशाहीवर पुस्तक लिहिलं, की एका स्वतंत्र देशाने आपलं स्वातंत्र्य राजाच्या हातात कसं देऊन टाकलं. १६९४ साल त्यावर छापलेलं आहे. डेन्मार्क भडकलं, इंग्लंडमधल्या स्वातंत्र्यवाद्यांनी डोक्यावर घेतलं. १७१६ मध्ये त्याला व्हायकाउंट ही उमरावाची पदवी मिळाली, तो व्हायकाउंट मोल्सवर्थ झाला. डब्लिनच्या मध्यात आजही मोल्सवर्थ स्ट्रीट आहे, समोर आयर्लंडची संसद.

त्याचा मुलगा रिचर्ड. १७०६, रामिईची लढाई, इंग्रजांचा सेनापती मार्लबरो घोड्यावरून पडला, शत्रूचे स्वार अंगावर येतायत, तेव्हा तरुण कॅप्टन मोल्सवर्थने उतरून आपला घोडा त्याला दिला. थोड्या वेळाने मार्लबरो दुसऱ्या घोड्यावर चढत असताना रिकीब धरून उभ्या असलेल्या अधिकाऱ्याचं डोकं तोफगोळ्याने उडालं, रिचर्ड मात्र वाचला आणि पुढे तिसरा व्हायकाउंट झाला. कार्डशीटवर जागा नाही पण हे मी सोडणार नाही, दुसरं काहीतरी कापेन.

८ फेब्रुवारी

दुसरी शाखा कॉर्नवॉलची, इंग्लंडचं नैऋत्य टोक. राणी एलिझाबेथच्या काळात जॉन मोल्सवर्थ तिकडे जहागिरीच्या हिशेबाच्या कामाला गेला आणि तिथलाच झाला, पेनकॅरो नावाचा वाडा या घराण्याचा. या शाखेतला हेंडर मोल्सवर्थ जमैकाचा गव्हर्नर होता, १६८९ मध्ये बॅरोनेट झाला, हा पण एक वंशपरंपरेचा किताब. तो रॉयल आफ्रिकन कंपनीचा जमैकातला अडत्या पण होता आणि ही कंपनी आफ्रिकेतून माणसं पकडून आणून गुलाम म्हणून विकायची. हे पॅनलवर जाणार. मुलांच्या प्रदर्शनात कशाला असं घरी म्हणत होते पण आडनावाचा इतिहास सांगायचा आणि घोडा दिला तेवढं सांगायचं, हे मला जमणार नाही.

त्याच वाड्यातला सर विल्यम मोल्सवर्थ, १८१० ते १८५५. सुधारणावादी खासदार, गुन्हेगारांना जहाजात भरून ऑस्ट्रेलियाला पाठवायच्या शिक्षेविरुद्ध लढला, थॉमस हॉब्ज या तत्त्वज्ञाचं सगळं लेखन स्वतःच्या पैशाने सोळा खंडांत काढलं, १८५५ मध्ये वसाहतींचा मंत्री झाला आणि काही महिन्यांतच वारला. न्यूझीलंडच्या वेलिंग्टनमधला मोल्सवर्थ स्ट्रीट त्याच्या नावाने, आणि गंमत म्हणजे त्या देशाची पण संसद त्याच रस्त्यावर. न्यूझीलंडमधल्या सगळ्यात मोठ्या कुरणाच्या फार्मचं नाव पण मोल्सवर्थ स्टेशन, क्षेत्रफळ एक लाख ऐंशी हजार हेक्टर! एका माणसाने वई घालून घेतलेली जागा आणि तिचं नाव एवढ्या मोठ्या रानाला.

१४ फेब्रुवारी

आता हिंदुस्थान. मला वाटत होतं आपला एकच मोल्सवर्थ, पण इकडे दुसरे पण मोठे होऊन गेलेत. सर गिलफर्ड मोल्सवर्थ, १८२८ ते १९२५, आधी सिलोनची रेल्वे, मग १८७१ पासून हिंदुस्थान सरकारचे सरकारी रेल्वेसाठीचे सल्लागार इंजिनिअर. त्यांनी काढलेलं सूत्रांचं खिशात मावणारं पुस्तक जगभरच्या इंजिनिअरांच्या खिशात असायचं. म्हणजे त्यांच्याकडे पण "मोल्सवर्थ बघ" म्हणजे पुस्तक बघ! त्यांचे वडील रॉचडेलचे पाद्री, पहिल्या व्हायकाउंट रॉबर्टचे पणतू, हे छापील चरित्रकोशात आहे, त्यामुळे ही रेघ तक्त्यात पक्क्या शाईने.

आणि आपले जेम्स थॉमस मोल्सवर्थ, १७९५ चा जन्म, सोळाव्या वर्षाच्या सुमाराला कंपनीच्या मुंबई फौजेत आले. १८३१ ला मराठी-इंग्रजी कोश निघाला, जॉर्ज आणि थॉमस कँडी हे जुळे भाऊ मदतीला, सुमारे पंचवीस हजार शब्द. १८५७ ला दुसरी आवृत्ती, सुमारे साठ हजार. आपल्या शास्त्री-पंडितांचं काम पण याला जोडून होतं, त्यांचा महाराष्ट्र भाषेचा कोश १८२९ पासून निघायला लागला होता, त्यांचं नाव घेतल्याशिवाय मी मोल्सवर्थचं नाव लावणार नाही. १८६३ मध्ये बाबा पदमनजींनी याचाच संक्षेप काढला, त्याच्या नावातच मोल्सवर्थ आहे, म्हणजे तोवर आडनावाचं पुस्तक झालेलं होतं.

तक्ता मी माणसांचा करणार नाहीये, शब्दाचा करणार आहे. मुळाशी मूल, मग वर्थ, मग गाव, मग वॉल्टर, मग फांद्या.

१६ फेब्रुवारी

आज जे झालं ते नीट लिहिते. अण्णांची प्रत काढली, १९७५ सालचं पुनर्मुद्रण, पुण्यात छापलेलं, कडा पिवळ्या झाल्यात, आत त्यांच्या पेन्सिलच्या खुणा. मी पॅनलसाठी वर्थला मराठी शब्द शोधत होते. कुंपण कोरडं वाटतं, आवार शहरी, वई आता कोणाला कळत नाही. वाडी म्हणावं का? पण वाडी म्हणजे वस्ती ना, आमच्या गावाकडे वाडी म्हणजे दहा-पंधरा घरं. मग सवयीने म्हटलं मोल्सवर्थ काय म्हणतो बघू.

वाडी शब्दाखाली पहिलाच अर्थ: कुंपणात घेतलेली शेताची किंवा बागेची जागा. त्यापुढे बंदिस्त आवाराला असलेले तीन-चार इंग्रजी शब्द एका ओळीत. मग दुसरा अर्थ, शेतकऱ्यांच्या झोपड्यांचा पुंजका, लहान वस्ती, आणि तिथेच कोकणातली गावं अशा वेगवेगळ्या पुंजक्यांची बनलेली असतात म्हणून गावाचा एक भाग, हे पण. मूळ शब्द संस्कृत वाटी, तो पण दिलाय.

म्हणजे आधी कुंपण, मग आतलं घर, मग वस्ती, मग गाव. हीच तर वर्थची पण चाल आहे, हंटिंग्डनशायरमध्ये हजार वर्षांपूर्वी झालेली. त्या माणसाच्या आडनावाचा अर्धा भाग त्याच्या स्वतःच्या कोशात मराठी होऊन बसलाय. मूलची वाडी. गिरगावातली खोताची वाडी, तशी मूलची वाडी, षष्ठीच्या प्रत्ययासकट! मी घरातल्या सगळ्यांना हाक मारून ते पान दाखवलं, लेकीने विचारलं मग ते मोल्सवर्थ नाहीत, मूलवाडीकर आहेत का, आणि मी म्हटलं हो, अगदी तेच.

अण्णांची खूण त्या पानावर नाहीये. त्यांना दाखवायला हवं होतं.

२१ फेब्रुवारी

मांडणी ठरली. पहिलं कार्डशीट मूल आणि वर्थ, दुसरं गाव आणि १०८६, तिसरं आयर्लंड-कॉर्नवॉल-जमैका, चौथं हिंदुस्थान आणि वाडी. रिचर्डचा घोडा बसला, विमानतळ कापला. काका म्हणाले पाचवं दिलं तरी चालेल पण मी नाही घेतलं. ऑनलाइन कोशाचा क्यूआर कोड चौथ्या शीटच्या कोपऱ्यात, शिकागो विद्यापीठाने १८५७ ची आवृत्ती शोधता येईल अशी इंटरनेटवर ठेवली आहे, मुलांनी मोबाइलवर आपापल्या वाडीचे शब्द शोधावेत.

मोल-वर्थ म्हणजे किंमत-किंमत ही कल्पना पण लावतेय, खोडलेली, शेजारी खरं लिहून. शाळेतली पोरं तिथूनच सुरुवात करणार हे मला माहितीय.

२६ फेब्रुवारी

लावून आले. दुसऱ्या शीटवर हंटिंग्डनशायरचा अनुस्वार राहिला होता, स्केचपेनने दिला. तक्त्याच्या सगळ्यात खाली, मुळाशी, मूल हा एकच शब्द मोठ्या अक्षरात. टेबलावर अण्णांची प्रत वाडीच्या पानावर उघडून ठेवली, पान उलटू नये म्हणून दोन्ही बाजूला रिबीन बांधली. शेजारी काकांनी एक कोरी वही ठेवली, वर लिहिलंय तुमच्या आडनावाचं गाव आणि वाडी लिहा, ही त्यांची कल्पना. पहिली ओळ त्यांनीच लिहिली. प्रत १ मार्चला परत आणायची.